शिवेवरचं कोकरू

रामक्काला मी अक्का म्हणायचो आणि ती मला अण्णा म्हणायची. ती माझ्यापेक्षा वयानं बरीच मोठी, त्यामुळे माझं बरोबर होतं आणि तिचं चूक. एकदा मी तसं बोलून दाखवलं. ती म्हणाली, "शेत तुमचं हाय म्हणून तुमी थोरले. मेंढरं माझी हायत म्हणून मी थोरली. दोगंबी थोरले म्हनल्यावर कुनी कुनाचं ऐकायचं कामच न्हाई." खरोखरच तिनं माझं कधी ऐकलं नाही.

आमचं गाव औराद तालुक्याच्या अगदी कडेला. ती निजामाच्या राज्यातली वर्षं. रब्बीचा जोंधळा निघून शेत रिकामं झालं की शिमग्याच्या महिनाभर आधी रामक्काचा कळप यायचा. धनगराची मेंढरं रात्री शेतात बसवायची, त्यांच्या लेंडीखतानं जमीन कस धरते, आणि त्याबद्दल धनगराला धान्य द्यायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. इतर कळपांबरोबर बाप्ये असायचे. हिच्याबरोबर फक्त सून, सुंदरा. रामक्काचा नवरा लवकर गेला होता, आणि मुलगा गुलबर्ग्याला गिरणीत लागला तो तिकडचाच झाला. तेव्हा या दोन बाया, दोन कुत्री आणि काळ्या मेंढरांचा कळप, एवढंच ते बिऱ्हाड.

रामक्का अंगानं उंच, हाडापेरानं मजबूत. खांद्यावर घोंगडी, कपाळावर हळदीचा भंडारा. हातात काठी असायची, पण मेंढरावर उगारलेली मी ती कधी पाहिली नाही. ती मेंढरांशी बोलायची, आणि माणसांशी बोलायची त्यापेक्षा जास्त अदबीनं बोलायची. मेंढीला "अवो बाई, सरका की" आणि पाटलाला "काय रं पाटला", असा तिचा हिशेब.

मला स्वतःला आकड्यांशिवाय चैन पडत नाही. कणगीत किती पायल्या आहेत, विहिरीला किती हात पाणी आहे, हे मला विचारावं लागत नाही. तेव्हा तिचा कळप पहिल्यांदा माझ्या शेतात बसायला आला त्या संध्याकाळी मी वाघरीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावतात ती दोरीची जाळी. एकेक मेंढरू आत शिरायला लागलं तसं मी बोट हलवायला सुरुवात केली. रामक्कानं घोंगडी झटकली आणि मधे येऊन उभी राहिली.

"काय करायलाव अण्णा?"

"मोजायलोय. धान्य किती द्यायचं ते कसं कळणार?"

"मेंढरं मोजू नगा. दिष्ट लागती."

"मग काय मोजू?"

"लेंड्या मोजा की. तुमाला त्याच पायजेत न्हवं?"

सुंदरा तोंडाला पदर लावून हसत वाघरीमागं गेली. पुढं दर वर्षी धान्य अंदाजानंच ठरलं. तो अंदाज माझ्या मनाला कधी पटला नाही आणि कधी चुकलाही नाही.

ती मोजत नसे, पण तिचं मेंढरू हरवतही नसे. संध्याकाळी कळप आत गेला की ती नुसती नजर फिरवायची आणि म्हणायची, "कानतुटीचं लेकरू आलं न्हाई." मग आल्या वाटेनं परत जायची आणि ते कोकरू घोंगडीत घालून आणायची. ते मेंढीनं मागं विसरलेलं असो, ओढ्यात अडकलेलं असो, दुसऱ्या कळपातून चुकलेलं असो. कोकरू मागं टाकून येणं तिला जमतच नव्हतं. माझ्या बहिणीच्या लग्नाला आली तेव्हा जेवायला बसल्यावर घोंगडीतून एक तोंड बाहेर आलं आणि बें करून ओरडलं. उदगीरकडची पाहुणेमंडळी पानावरून उठायला निघाली. रामक्का शांतपणे वाढप्याला म्हणाली, "ह्येचं पान नगा मांडू. वाटीभर दूध असलं तर बगा." तिला पंगतीतून उठवायची हिंमत कुणाला झाली नाही. दूध आलं.

पोरक्या कोकराला दुसरी मेंढी जवळ घेत नाही. शिंगानं ढकलते. रामक्काची त्यावर एक रीत होती. ज्या मेंढीचं कोकरू मेलं असेल त्याचं कातडं काढून ती पोरक्या कोकराच्या पाठीवर बांधायची. मेंढी वास घ्यायची, थबकायची, पुन्हा वास घ्यायची, आणि शेवटी पाय फाकून उभी राहायची. कोकरू शेपूट हलवत पिऊ लागलं की रामक्का म्हणायची, "आई मिळाली बग तुला." आणि मेंढी मिळेपर्यंत, दिवसभर घोंगडीत त्याला घेऊन फिरताना, त्याच्या कानाशी एकच चालायचं, "आई मिळंल की रं. आई मिळंल."

आता या आई शब्दाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मेंढ्यांना देवी येतात. माणसांना येतात तशाच, पण तो रोग वेगळा, मेंढराशेळ्यांचाच. आधी ताप भरतो, मेंढरू मान खाली घालून कळपाच्या कडेला उभं राहतं. नाकाडोळ्यांतून पाणी गळतं. मग जिथं लोकर नाही तिथं, ओठांवर, मांडीच्या आत, शेपटाखाली, कासेवर लाल गाठी उठतात. एकाला झालं की हां हां म्हणता कळपभर होतं, आणि कोकरं तर राहतच नाहीत. आमच्याकडं त्या रोगाचं नाव घेत नाहीत. 'आई आली' म्हणतात. गावातल्या मेंढरांत आई आली की गावकरी एक कोकरू निवडायचे, त्याला हळद माखायचे, गळ्यात लिंबाचा डहाळा बांधायचे आणि हलगी वाजवत शिवेपर्यंत न्यायचे. शिवेच्या पलीकडं सोडायचं आणि मागं न बघता परत यायचं. कोकराबरोबर आई गेली. पलीकडच्या गावानं ते बघितलं की त्यांनी तसंच ते पुढच्या शिवेवर न्यायचं. त्याला कुणी पाणी पाजायचं नाही, कुणी घरी न्यायचं नाही. आई एका गावातून दुसऱ्या गावात कशी जाते, याचं मग कुणालाच नवल वाटत नसे.

त्या वर्षी होळीला अजून तीन आठवडे होते. रामक्का ओढ्याकडून आली ती घोंगडीत काहीतरी घेऊनच. माझी बायको शेतात भाकरी घेऊन आली होती, मी विहिरीवर होतो. कोकरू ओलं होतं. रामक्कानं त्याला ओढ्यात धुतलं होतं. पण कानामागं, मानेच्या लोकरीत पिवळं राहिलं होतं, आणि नाकपुड्यांभोवती वाळलेल्या खपल्या होत्या.

"कुटं गावलं?" बायकोनं विचारलं.

"शिवंच्या धोंड्याजवळ. वरडून वरडून घसा बसलाय बगा. ह्येला आई न्हाई."

बायको दोन पावलं मागं सरली. "अक्का, ह्येला आईच हाय! हळद बगा की कानामागं. कामून आणलं तुमी ह्येला?"

"हळद माझ्या कपाळालाबी हाय," रामक्का म्हणाली. "मलाबी सोडता का शिवंवर?"

"थट्टा नगा करू अक्का. जिथनं आणलं तिथं नेऊन ठिवा."

सुंदराही काम टाकून आली होती. ती सासूला कधी उलट बोलत नसे. त्या दिवशी बोलली. "आत्या, हात जोडते. आपल्या कळपात नगा घालू."

रामक्कानं कोकराकडं बघितलं. ते तिचं बोट चोखत होतं. ती अडाणी नव्हती. खपल्या तिनंही पाहिल्या होत्या. मला वाटतं, शिवेवरच्या त्या धोंड्याजवळ ती बराच वेळ उभी राहिली असेल, निघून यायचा प्रयत्नही तिनं केला असेल. ती एवढंच म्हणाली, "वाळलंय समदं. आई येऊन गेली ह्येच्यावरनं. आता निस्तं लेकरू ऱ्हायलंय."

काजळी नावाच्या मेंढीचं कोकरू दोन दिवसांपूर्वी मेलं होतं. त्याचं कातडं अजून होतं. संध्याकाळी काजळी पाय फाकून उभी राहिली.

पहिली आजारी पडली ती काजळीच. आठवड्यानं मी वाघरीकडं गेलो तर ती मान घालून एका कडेला उभी. रामक्का तिच्या कासेखाली हात घालून बसली होती. मला बघितल्यावर तिनं हात काढून घेतला आणि घोंगडीखाली झाकला, जणू हातालाच काही लागलं होतं.

"अण्णा, उद्यापासनं हिकडं येऊ नगा. वहिनीला सांगा, भाकरी विहिरीच्या दगडावर ठिवा. आन् तुमच्या शेळ्या ह्या अंगाला सोडू नगा."

दुसऱ्या दिवशी तिनं शेताच्या वाटेवर बोरीच्या काट्या आडव्या टाकल्या आणि वाघरीच्या चारी कोपऱ्यांना लिंबाचे डहाळे बांधले. कुत्र्यांना खुंट्याला बांधलं. त्यानंतर हळूहळू आवाज बंद व्हायला लागला. कळप शेतात बसला की संध्याकाळी जो गलबला असतो, आयांनी लेकरांना हाका मारायच्या आणि लेकरांनी आयांना, तो माझ्या घरापर्यंत ऐकू यायचा. तो रोज कमी कमी होत गेला. एका संध्याकाळी बायको भाकरी थापता थापता थांबली आणि म्हणाली, "ऐकू येतंय का?" मी म्हणालो, "काय?" ती म्हणाली, "त्येच म्हन्ते मी."

बांधावरच्या बाभळीवर गिधाडं येऊन बसली. ती उडत नव्हती, भांडत नव्हती. बसून होती.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. पाटील चार माणसं घेऊन आला आणि काट्यांच्या अलीकडं उभा राहिला. घरोघरी शेळ्या होत्या, त्याच्या स्वतःच्या दारात तर होत्याच. त्याची भीती खोटी नव्हती, हे मला सांगायला हवं.

"अक्का, मेंढरांचा वाडा उठव. उद्या दुपारच्या आत शिवंच्या भाईर जा."

"भाईर म्हंजी कुटं?" रामक्का वाघरीजवळून ओरडली.

"वड्याच्या पल्याड."

"पल्याड काय मानसं न्हाईत? त्येंच्या शेळ्या काय कागदाच्या हायत?"

"ती त्येंची ती बगतील. रीतच हाय ती. तुज्याकडं तरी आई कुठनं आली? पल्याडनंच न्हवं?"

"व्हय. पल्याडनं आली. शिवंवर सोडल्याली हुती. मी घरात घेतली. आता माझ्याकडं ऱ्हाईल. फुडं जाणार न्हाई."

"आगं, एक कोकरू तरी सोडून यी! हलगीवाला देतो मी."

"पाटला, मी कोकरू शिवंवर सोडीन असं तुला वाटलं तरी कसं रं?"

पाटील माझ्याकडं वळला. "शेत तुझं हाय. तू सांग तिला ऊठ म्हणून." सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला भाषण येत नाही. मी म्हणालो, "पाडव्यापर्यंत बसायचं बोलणं झालंय. पाडवा अजून यायचाय." पाटील जाताना माझ्या बांधावर पचकन थुंकला.

मधे तालुक्याहून सलोतरी, म्हणजे सरकारी जनावरांचा डॉक्टर, तट्टावर बसून येऊन गेला. लांबूनच दोन मेंढरं बघून म्हणाला, "अम्मा, इन को यहाँ से हिलाव नक्को. हिले तो चारों तरफ फैल जाती बीमारी." औषध काही नाही म्हणाला. तो गेल्यावर रामक्का मला ओरडून म्हणाली, "बगा अण्णा, सरकार पयल्यांदाच माझ्यासारकं बोललंय!" त्या दिवसांत ती हसलेली मी तेवढीच एकदा पाहिली.

पण खरा वाद पाटलाशी नव्हता, तो वाघरीच्या आत होता. सुंदराच्या बापाचा कळप त्याच दिवसांत ओढ्याच्या पलीकडं, दुसऱ्या गावच्या शिवारात बसला होता. आमच्या बांधावरून त्यांची धूळ दिसायची. निम्म्याहून जास्त मेंढरं अजून उभी होती, चरत होती. एका सकाळी सुंदरानं घोंगडी खांद्यावर टाकली. मी विहिरीवरून ऐकत होतो.

"आत्या, चांगली चांगली घिऊन जाते मी बापाकडं. तेवढी तरी वाचतील. हितं समदी मरतील."

"चांगली कंची, ती दाव मला."

सुंदरानं एका मेंढीकडं बोट दाखवलं. रामक्कानं तिची शेपूट उचलली. काही दिसलं नाही. "ही," सुंदरा म्हणाली.

"काजळीबी अशीच हुती. आदल्या दिशी मी तिची शेपूट उचलून बगितली, तवा कायबी नव्हतं." रामक्काचा आवाज चढला नव्हता. "तुझ्या बापाच्या कळपात लेकरं किती हायत गं?"

"लई हायत."

"मंग?"

"तुमी आणलं ते!" सुंदरा ओरडली. "एका पोरक्यासाठी समदा कळप घालवलाव तुमी! माझं काय ऱ्हायलं आता? नवरा न्हाई, मेंढरं न्हाईत!"

रामक्कानं वाघरीच्या तोंडाची दोरी सोडली, बाजूला झाली आणि म्हणाली, "जा. मी आडवत न्हाई. आडवायला तोंड न्हाई मला. पर जाताना तुज्या बापाला वड्याच्या अलीकडनं हाक मार, आन् सांग, काय आणायलीस ते. त्यो ये म्हनला तर जा."

सुंदरा वाघरीच्या तोंडाशी उभी राहिली. मेंढरं तिच्याकडं बघत होती. ओढ्यापलीकडून एक कोकरू ओरडलं, आणि आमच्याकडून कुणी उत्तर दिलं नाही. थोड्या वेळानं सुंदरानं स्वतःच दोरी परत बांधली आणि सासूकडं पाठ करून बसली. त्यानंतर ती किती तरी दिवस रामक्काशी बोलली नाही. मेलेली मेंढरं पुरताना दोघी एकाच खड्ड्याच्या दोन कडांना उभ्या राहून माती ओढायच्या, आणि बोलायच्या नाहीत.

खड्डे माझ्या शेताच्या खडकाळ कोपऱ्यात होते. मी कुदळ घेऊन गेलो तेव्हा तिनं पहिल्यांदा मला काट्यांच्या आत येऊ दिलं, आणि जाताना अंगावरचे कपडे ओढ्यात धुवायला लावले. मी खणत होतो. सवय वाईट असते. प्रत्येक मेंढरू खाली गेलं की माझं बोट हलत असावं.

"मोजायलाव का अण्णा?"

मी बोट मुठीत घेतलं.

"मोजा की," ती म्हणाली. "आता दिष्ट लागाय काय ऱ्हायलंय?"

तो आकडा मला आजही पाठ आहे. तिनं तो कधी विचारला नाही, म्हणून मी तो इथं लिहीत नाही.

पाडवा आला तेव्हा वाघरीच्या आत अगदी थोडी मेंढरं उभी होती, भुंडी दिसणारी, तोंडावर व्रण पडलेली. त्यांत ते शिवेवरचं कोकरू होतं. त्याला काहीच झालं नाही. रामक्का म्हणाली होती ते अर्धं खरं होतं. आई त्याच्यावरून येऊन गेली होती, पण त्याच्या खपल्या राहिल्या होत्या. गावातल्या एकाही शेळीला काही झालं नाही. ओढ्यापलीकडची धूळ वेळेवर निघाली आणि वेळेवर पुढच्या गावाला गेली. याबद्दल रामक्काला कुणी चांगलं म्हटलं असेल तर ते माझ्या कानावर नाही. पाटलानं मात्र मेलेल्या मेंढरांमुळे ओढा बाटला म्हणून ओरड केली.

व्रणाच्या मेंढरांपासून तिनं पुन्हा कळप उभा केला. त्याला वर्षं लागली. सुंदरा तिच्याजवळच राहिली, पुन्हा बोलायलाही लागली. आता कळप हाकायची ती सुंदरा. शिवेवरच्या कोकराची मोठी मेंढी झाली, तिला कोकरं झाली. सुंदरा तिला हात लावत नसे. तिचं दूधही रामक्काच काढायची. आणि रामक्कात एक फरक पडला. कोकरू चुकलं की अजूनही ती मागं जायची, पण हातात धरून आधी उजेडाला न्यायची, शेपूट उचलायची, ओठ उलटे करून बघायची, कानामागची लोकर फिसकारून बघायची. मगच घोंगडीत घ्यायची. "आई मिळंल" हे शब्द मी तिच्या तोंडून पुन्हा ऐकले नाहीत.

ती मला शेवटची दिसली तेव्हा मी औरादच्या बाजारातून पायी परत येत होतो. ऊन उतरायला लागलं होतं. शिवेच्या अलीकडं कळप थांबलेला दिसला. वाटेवर नाही, बाजूच्या माळावर, बराच लांब. सुंदरा कळपापुढं काठी आडवी धरून उभी होती. रामक्का एकटी कळपातून बाहेर निघून शिवेच्या धोंड्याकडं चालली होती.

धोंड्याजवळ कोकरू होतं. पिवळंजर्द. गळ्यातला लिंबाचा डहाळा अजून हिरवा होता.

"आत्या!" सुंदरा ओरडली. "आत्या, नगा!"

रामक्का वळली नाही. चालता चालताच तिनं हात मागं करून कळप पुढं न्यायची खूण केली, ओढ्याच्या वरच्या अंगानं, लांबच्या वाटेनं. सुंदरा तशीच उभी राहिली. मग तिनं कळप वळवला.

मी वाटेवरून हाक मारली. "अक्का, कळप चाललाय की!"

"जाऊ द्या. कळपाला सुंदरा हाय." ती धोंड्याजवळ टेकली, घोंगडी पसरली. "तुमी लांबनं जावा अण्णा. घरी शेळ्या हायत तुमच्या."

"आणि तुमी?"

"मी बसते. ह्येचं काय व्हायचं ते हुईस्तवर."

"मग कळपाकडं कवा जाणार?"

कोकराच्या पाठीवरून हात फिरवून तिनं त्याला मांडीवर घेतलं. या वेळी तिनं हळद धुतली नाही. तिचे दोन्ही हात पिवळे झाले होते.

मी शेतातून आडवा वळसा घेतला. कोकरू शिवेवर सोडून येणाऱ्यानं मागं बघायचं नसतं. मी सोडलं नव्हतं, म्हणून बघितलं. वरच्या अंगाला कळपाची धूळ लांब लांब चालली होती, आणि धुळीपुढं सुंदरा, पाठ ताठ, मान न वळवता. खाली धोंड्याजवळ रामक्का पाठमोरी बसली होती. तिच्या मांडीवर काहीतरी हललं. ते कोकरू हललं, की तिनं मांडी हलवली, हे एवढ्या लांबून मला कळलं नाही.